हब गिअरची सायकल: गिअर पाण्यापासून जपा, सायकल हलकी चालेल

मागच्या चाकाच्या मधोमध, हबच्या बंद डब्यात गिअर असलेली, म्हणजे हब गिअरची सायकल नवी घेतली की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. पहिली, हे गिअर जड चालतात. दुसरी, यांच्याकडे बघावेही लागत नाही, सगळे आत बंद असते. पहिल्या गोष्टीत थोडे तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढे नाही. दुसरी मात्र नुकसान करते. हब बंद दिसतो, पण तो पाणबंद नसतो. गिअर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहितात, फक्त ते पान कुणी उघडत नाही. आत पाणी शिरून तिथेच राहिले, तर दहा-वीस वर्षे सहज चालणारा गिअर काही महिन्यांत कुरकुरायला लागतो.

माझे म्हणणे असे आहे की हब गिअरमध्ये जी ताकद मुळातच वाया जाते ती थोडी असते आणि ती कमी करणे आपल्या हातात नसते. टायरची हवा, चेन, बेअरिंगची घट्टाई आणि आत शिरणारे पाणी या गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात असतात, आणि सायकल जड होते ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

हबच्या आत काय असते

मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड डब्यात दातेरी चक्रांची ग्रहमाला असते. मध्ये आसाला पक्के बसलेले एक चक्र, त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार लहान चक्रे आणि त्या सगळ्यांना वेढणारे, आतल्या अंगाला दाते असलेले कडे. चेनकडून येणारी ताकद यातल्या कोणत्या भागात द्यायची आणि कोणत्या भागातून चाकाला काढून घ्यायची, हे बदलले की गिअर बदलतो. हा बदल करणाऱ्या खिट्ट्या अगदी लहान असतात आणि त्यांना उचलून धरणाऱ्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक. पाण्याचा पहिला बळी याच स्प्रिंगा असतात, हे पुढचे सगळे वाचताना ध्यानात असू द्या.

स्टर्मी आर्चर ही कंपनी १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे सुरू झाली आणि तिच्या तीन गिअरच्या हबने ही रचना जगभर पोचवली. त्यांच्या जुन्या हबवर बनवल्याचे वर्ष आणि महिना आकड्यांत ठोकलेला असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वर्षे ठोकलेले हब आजही रोज चालताना दिसतात, आणि ते टिकले ते वेळेवर तेल मिळत राहिले म्हणून. आज शिमानो या जपानी कंपनीचे नेक्सस आणि अल्फिन, आणि १४ गिअरचा जर्मन रोलॉफ हेही भरपूर वापरात आहेत. प्रत्येकाचे पोट वेगळे आहे, त्यामुळे देखभालही वेगळी. म्हणून पहिले काम सोपे आहे. हबवरचे नाव आणि मॉडेलचा क्रमांक वाचा, लिहून ठेवा आणि त्या मॉडेलची पुस्तिका मिळवा. त्यातून दोन गोष्टी शोधा: आत ग्रीस आहे की तेल, आणि ते किती किलोमीटरनंतर बदलायचे.

ताकद नेमकी कुठे जाते

थोडा हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, सपाट रस्ता, वारा नाही, सरळ बसून ताशी २० किलोमीटरचा वेग. अशा वेळी हवा कापण्यात साधारण ६० वॉट जातात. बऱ्यापैकी टायरमध्ये हवा नीट भरलेली असेल तर टायरच्या घर्षणात २८ वॉटच्या आसपास. म्हणजे चाकाशी ९० वॉट पोचायला हवेत. चेन आणि गिअर मिळून शंभरातले ९५ पुढे पोचवत असतील, तर वाटेत जेमतेम ५ वॉट जातात.

हब गिअर आणि बाहेरचे डिरेलर गिअर (चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवणारे) यांची तुलना केली, तर दोन्ही स्वच्छ असताना हबमध्ये सरासरी दोनेक टक्के जास्त जातात. आपल्या हिशेबात ते झाले दोन वॉट. आता टायरमधली हवा उतरू द्या. घर्षण २८ वरून ४५ वॉटवर सहज जाते. सतरा वॉट! गिअरच्या नावाने बोटे मोडणाऱ्या माणसाने आधी पंप हातात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

शिवाय डिरेलरची चेन उघड्यावर असते. चिखल आणि ओल यांत ती लवकर घाण होते आणि तिचा दोन टक्क्यांचा फायदा तिथेच संपतो. हब गिअरची चेन कायम एका सरळ रेषेत चालते, तिला कव्हर घालता येते, आणि ती जास्त टिकते.

पायरी १: आधी सायकल हलकी करा

हबला हात लावण्याआधी बाहेरचे उरकून घ्या.

टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते. आठवड्यातून एकदा हवा तपासा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, दाबमापक असलेला पंप वापरा. रस्ता खडबडीत असेल तर कमाल मर्यादेपर्यंत फुगवू नका. धक्क्यांमध्येही ताकद जाते, आणि अंग दुखते ते वेगळेच.

मग चेन. हब गिअरच्या चेनला थोडी ढील लागते. वरच्या किंवा खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोट लावून वर-खाली केल्यावर साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. पेडल हळूहळू फिरवत जा. बहुतेक चेनव्हील, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, किंचित वाकडे असते, त्यामुळे एखाद्या जागी चेन ताणली जाते. ढील त्या जागी मोजायची. चेन ताठ ठेवली की पेडल तर जड होतेच, पण हबच्या उजव्या बेअरिंगवर सतत ओढ राहते, आणि पाणी शिरायची मुख्य वाट त्याच बाजूला असते.

चेन झिजली का ते पट्टीने मोजता येते. नव्या चेनचे २४ अर्धे दुवे म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ च्या पुढे गेले की चेन बदला. मागचे दाते टोकदार झाले असतील तर मागची चकतीही त्याच वेळी बदला.

चकत्यांच्या आकाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. सर्वांत चांगल्या स्थितीत ती ९८.६ टक्के भरली, सर्वांत वाईट स्थितीत ८१ टक्के. चकत्या मोठ्या असतील आणि चेनवर ताण जास्त असेल तेव्हा कमी ताकद वाया जाते, असे त्यात दिसले. म्हणजे ३२ आणि १६ दात्यांची जोडी आणि ४२ आणि २१ दात्यांची जोडी गुणोत्तराने सारखीच असली, तरी मोठी जोडी चांगली. चेन मोठ्या चकतीवर कमी वळते.

पायरी २: योग्य गिअर तुमच्या नेहमीच्या वेगाला आणा

बऱ्याच हबमध्ये एक गिअर थेट असतो. त्यात ग्रहमाला नुसतीच बरोबर फिरते, चक्रांवर भार येत नाही, आणि म्हणून सर्वांत कमी ताकद वाया जाते. तीन गिअरच्या स्टर्मी आर्चरमध्ये तो दुसरा, आठ गिअरच्या नेक्सस आणि अल्फिनमध्ये पाचवा, रोलॉफमध्ये अकरावा. रोलॉफच्या पहिल्या सात गिअरांत आणखी एक ग्रहमाला कामाला लागते, त्यामुळे आवाज आणि घर्षण दोन्ही किंचित वाढतात. सात गिअरच्या नेक्ससमध्ये थेट गिअर नाही, तिथे हा विचार सोडून द्या.

आपण ज्या वेगाने सर्वांत जास्त चालतो त्या वेगाला हा थेट गिअर पडावा, अशी मागची चकती निवडायची. समजा पुढे ३८ दाते आहेत आणि मागे १९, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. चाकाचा घेर २.१ मीटर असेल आणि तुम्ही मिनिटाला ७५ फेरे मारत असाल, तर वेग ताशी १९ किलोमीटरच्या जवळ येतो. मागे २१ दाते लावले की त्याच फेऱ्यांना १७. तुमचा नेहमीचा वेग १७ असेल आणि चकती १९ ची असेल, तर तुम्ही दिवसभर थेट गिअर सोडून खालच्या गिअरमध्ये चालत राहता. मागची चकती बदलणे हे स्वस्त आणि सोपे काम आहे, आणि त्याने सायकलचा स्वभावच बदलतो.

मात्र चकती हवी तेवढी मोठी लावता येत नाही. पुढच्या आणि मागच्या दात्यांचे किमान गुणोत्तर किती असावे हे प्रत्येक हबच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याच्या खाली गेलात की चढावर हबमध्ये मर्यादेबाहेर जोर जातो आणि आतले दाते तुटू शकतात.

पाणी आत जाते कसे

हबचे कवच फिरते आणि आस स्थिर असतो. फिरणारे आणि स्थिर यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते. तिथे धूळझाकणे असतात, रबराच्या कडा असतात, पण त्या घट्ट आवळल्या तर घर्षण वाढेल, म्हणून त्या थोड्या सैलच असतात. वरून पडणारा पाऊस त्या अडवतात. दाबाने येणारे पाणी अडवत नाहीत.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. हबच्या आत हवा असते. उन्हात ४० अंशांपर्यंत तापलेला हब अचानक २० अंशांच्या पाण्याने थंड झाला, तर आतली हवा सुमारे ६ टक्के आक्रसते. तेवढी जागा भरायला बाहेरून काहीतरी आत ओढले जाते. फटीवर त्या क्षणी पाणी असेल तर पाणीच ओढले जाते. म्हणून तापलेली सायकल धुणे किंवा तापलेला हब साचलेल्या पाण्यात बुडवणे हे पावसात तासभर चालवण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे.

तिसरी वाट केबलची. स्टर्मी आर्चरच्या तीन गिअरच्या हबमध्ये बारीक साखळी उजव्या बाजूच्या पोकळ आसातून आत जाते. त्या तोंडावर पाणी पडत राहिले की साखळीला धरून ते थेट पोटात उतरते. आणि चौथी वाट दवाची. थंड सायकल उबदार खोलीत आणली की आतल्या धातूवर बाष्प जमते. हे थेंबभरच असते, पण रोज असेल तर वर्षभरात त्याचा परिणाम दिसतो.

पायरी ३: पाणी हबपर्यंत येऊच देऊ नका

लांब मडगार्ड लावा. पुढच्या चाकाचे मडगार्ड खालपर्यंत यायला हवे, त्याला रबराची झालर असेल तर आणखी चांगले. मागच्या हबवर आणि चेनवर उडणाऱ्या चिखलाचा मोठा भाग पुढच्या चाकाकडून येतो, हे सायकलच्या बाजूला उभे राहून पाहिले तरच पटते. चेनला पूर्ण कव्हर बसत असेल तर बसवा. चेन कोरडी राहिली की उजव्या बाजूच्या फटीवर चेनकडून शिंतोडे येत नाहीत.

गिअरची केबल हबकडे कुठून येते ते बघा. ती वरून खाली उतरत थेट हबमध्ये शिरत असेल, तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत नेमके नको तिथे जाते. केबलचे बाहेरचे आवरण किंचित लांब घ्या आणि हबच्या आधी त्याला खाली झुकणारे वळण द्या. सर्वांत खालच्या बिंदूपाशी पाणी टपकून जाते. केबलच्या वरच्या टोकाला रबराची टोपी असेल तर ती जागेवर आहे ना ते बघा. आवरणात शिरलेले पाणी केबल गंजवते, केबल अडकते, गिअर अर्धवट बसतो आणि दोष हबला दिला जातो.

हबच्या दोन्ही बाजूंना धूळझाकणाच्या कडेला जाडसर, पाण्याने न सुटणाऱ्या ग्रीसचे पातळ कडे बोटाने लावा. नेक्सस किंवा अल्फिन असेल तर उजव्या बाजूला केबल अडकते तो गोल जोड काढून त्याच्या मागेही लावा, तिथे चिखल साचतो. ग्रीस मळून काळे झाले की पुसून नवे लावा. हे काम चाक काढले असताना पाच मिनिटांत होते आणि माझ्या मते पाण्याविरुद्धचा हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. फक्त ग्रीसचा हात ब्रेकची डिस्क, रिम किंवा ब्रेकपॅड यांना लागू देऊ नका.

पाण्यातून जायची वेळ आली तर आसाची उंची ही लक्ष्मणरेषा. पाणी आसाच्या खाली असेल तर हळू, न थांबता जा. त्याच्या वर असेल तर उतरा आणि सायकल उचलून न्या. तापलेल्या हबसाठी तर ही रेषा आणखी खाली समजा.

पायरी ४: धुताना

दाबाने पाणी मारणारे यंत्र हब गिअरच्या सायकलला कधीही लावू नका. साध्या नळीचे तोंडही आसाकडे रोखू नका. सायकल उन्हातून आली असेल तर आधी सावलीत थंड होऊ द्या. बादली, स्पंज, साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढे पुरते. हबच्या बाजू ओल्या फडक्याने पुसा, त्यावर पाणी ओतू नका. चाक उभेच ठेवा. सायकल आडवी टाकून धुतली की वरच्या बाजूच्या फटीत पाणी साचून राहते, आणि तेल भरलेल्या हबमधून खालच्या बाजूने तेल झिरपते. धुऊन झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा. चाक फिरले की कडांवरचे पाणी उडून जाते. मग चेनला तेल.

समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे किंवा मीठ टाकलेला रस्ता यांच्याशी गाठ पडली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. मीठ ओल धरून ठेवते आणि गंज वेगाने वाढतो.

गंज काढणारे पातळ स्प्रे हबच्या फटीत मारायचा मोह होतो. मारू नका. ते पाणी हटवतात, पण त्याबरोबर आतले ग्रीसही विरघळवून वाहून नेतात. दोन दिवसांनी ते उडून गेले की मागे कोरडे पोलाद उरते.

पायरी ५: आतले वंगण

इथे हबनुसार तीन वाटा आहेत.

जुन्या स्टर्मी आर्चरच्या कवचावर तेल घालायचे छोटे झाकण असते. महिन्यातून एकदा तिथे चमचाभर हलके यंत्रतेल घाला, आणि चाक फिरवत सगळे गिअर बदलून घ्या. थोडे तेल बाहेर झिरपेल, ते पुसून काढा. हे झिरपणे चांगलेच आहे, येताना ते घाण आणि ओल बरोबर घेऊन येते. झाकण नसलेल्या नव्या हबमध्ये गिअरची बारीक साखळी काढून पोकळ आसातून थोडे थेंब सोडता येतात, त्यासाठी सायकल डावीकडे कलती धरा. खाण्याचे कुठलेही तेल वापरू नका. ते आत हवेशी मिळून गोंदासारखे चिकट होते आणि खिट्ट्या जागच्या जागी अडकवते. जाड ग्रीसही खिट्ट्यांवर नको, त्याच कारणाने. ग्रीस बेअरिंगच्या छऱ्यांना आणि दातेरी चक्रांना, खिट्ट्यांना हलके तेल, हा नियम तेल भरून चालणारे हब सोडून बाकी सगळ्यांना लागू आहे.

ग्रीसवर चालणारे नेक्सस आणि अल्फिन ८ (आकडा गिअरच्या संख्येचा) यांना शिमानो साधारण दोन वर्षांनी, किंवा सायकल खूप चालत असेल तर ५,००० किलोमीटरनंतर आतले वंगण करायला सांगते. सतत ओल्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलला मी हे वर्षातून एकदा सुचवेन. यात चाक काढून डाव्या बाजूचा कोन (बेअरिंगचे छरे दाबून धरणारा शंकूसारखा भाग) आणि त्याचा नट सोडतात, आतली सगळी जोडणी उजवीकडून अख्खी बाहेर येते. ती ठरलेल्या तेलात बुडवून निथळवतात किंवा तिला ग्रीस लावतात, आणि परत बसवतात. नवशिक्याने पहिल्या वेळी हे जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे आणि शेजारी उभे राहून बघावे. पेडल मागे फिरवून लागणारा ब्रेक असेल, तर त्याच्या आतल्या ब्रेकशूंना उष्णता सोसणारे वेगळे ग्रीस लागते. रोलर ब्रेकचेही ग्रीस वेगळे असते. यांत नेहमीचे तेल गेले तर ब्रेक लागणार नाही, म्हणून इथे अंदाज चालत नाही.

अल्फिन ११ आणि रोलॉफ तेलावर चालतात. अल्फिन ११ चे तेल पहिल्यांदा १,००० किलोमीटरला आणि नंतर दर ५,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांनी बदलायचे. रोलॉफचे दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांतले जे आधी येईल ते. कवचावरचा छोटा स्क्रू काढायचा, नळी लावलेल्या इंजेक्शनने जुने तेल ओढून घ्यायचे, धुण्याचे तेल घालून काही वेळ फिरवायचे, तेही काढायचे, आणि पुस्तिकेत लिहिले आहे तेवढे नवे तेल भरायचे. जास्त भरले तर ते फक्त बाहेर झिरपते.

इंजेक्शनमध्ये आलेले जुने तेल उजेडात धरून बघा. काळपट करडे असेल तर ती चक्रांची नेहमीची झीज, विशेषतः पहिल्या बदलाच्या वेळी. दुधाळ किंवा दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे असेल तर आत पाणी आहे. मग धुण्याचे तेल एकदा घालून थांबू नका. ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा घाला, आणि पुढचा बदल निम्म्या अंतरावर करा. ग्रीसच्या हबमध्ये हीच खूण तांबूस तपकिरी रंगाने दिसते.

पायरी ६: महिन्यातून एकदा हाताने तपासा

मागचे चाक उचलून धरा. ते हलकेच फिरवून सोडले की ट्यूबच्या तोंडाच्या वजनाने शेवटी मागे-पुढे डोलत ते तोंड खाली येऊन थांबायला हवे. अचानक थबकले तर बेअरिंग घट्ट आहे किंवा आत घाण आहे. मग रिम धरून बाजूला हलवा. अगदी पुसटशी हालचाल चालते, खडखड वाजली तर कोन सैल आहे, आणि सैल कोनाजवळची फट पाण्याला मोकळी वाट देते.

चाक पुढे फिरवल्यावर पेडल स्वतःहून जोरात फिरत असतील तर उजव्या बाजूचे बेअरिंग किंवा तिथले दाटलेले ग्रीस त्यांना ओढते आहे. जास्त गिअरच्या हबमध्ये किंचित ओढ असतेच.

मग ऐका. तीन गिअरच्या स्टर्मी आर्चरमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला पेडल मारताना बारीक, स्पष्ट टिकटिक येते. ती दबली, अडखळली किंवा बंद झाली, तर खिट्ट्या चिकटायला लागल्या आहेत. हबला तेल हवे आहे.

आणि केबल. आठ गिअरच्या नेक्सस आणि अल्फिनमध्ये गिअर ४ वर ठेवला की हबवरच्या दोन खुणा एका रेषेत यायला हव्यात. अल्फिन ११ मध्ये हे सहाव्या गिअरवर बघायचे, तीन गिअरच्या नेक्ससमध्ये दुसऱ्यावर. रेषा जुळत नसेल तर केबलचा स्क्रू फिरवून जुळवा. गिअर घसरला की लगेच हब उघडायला धावू नका, दहांतले बरेच हब केबल जुळवल्यावर बरे होतात. घसरणाऱ्या गिअरवर उभे राहून पेडल मात्र मारू नका. खिट्ट्यांच्या कडा झिजतात, आणि पाय सटकला तर इजा होते.

चाक परत बसवताना आसाच्या दातेरी वॉशरची दिशा तपासा. तोच आसाला फिरण्यापासून अडवतो. शिमानोच्या हबचे नट ३० ते ४५ न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात.

हब बुडालाच तर

सायकल पूर आलेल्या रस्त्यावर अडकली, किंवा रात्रभर पाण्यात उभी राहिली, तर वेळ फार महत्त्वाचा. वरून सुकलेली दिसली म्हणून ठेवून देऊ नका. आतल्या स्प्रिंगांना आणि छऱ्यांच्या कड्यांना गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

चाक काढा. तेलाचा हब असेल तर स्क्रूचे तोंड खाली करून तेल-पाणी निथळू द्या, मग धुण्याचे तेल दोन-तीनदा घालून काढा आणि नवे भरा. ग्रीसचा असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडून घ्या. सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसा, जुने ग्रीस पूर्ण काढा, खिट्ट्या बोटाने दाबून सुटतात का बघा, छऱ्यांच्या वाटेवर खड्डे पडले आहेत का बघा. खड्डे पडलेला कोन आणि छरे बदलायचे, नुसते ग्रीस लावून ते लपवायचे नाहीत. जुन्या स्टर्मी आर्चरमध्ये भरपूर तेल घाला, अर्धा तास चालवा, झिरपू द्या, पुन्हा घाला. बाहेर येणारे तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा.

लगेच उघडणे शक्य नसेल तर निदान चाक उभे टांगून उबदार, हवेशीर जागी ठेवा आणि अधूनमधून फिरवा. गरम हवेचे यंत्र लावू नका, रबराच्या कडा खराब होतात. आणि हब उघडेपर्यंत त्या सायकलवर चढ चढू नका. ओल्या, ग्रीस निघून गेलेल्या दात्यांवर पूर्ण भार टाकला की होणारी झीज नंतरच्या कुठल्याही वंगणाने भरून येत नाही.